चार दिवसांच्या नोंदी

ते साल एकोणीसशे शहाण्णव. त्या मार्चात बंगलोरला भारत-पाकिस्तानचा सामना झाला. ज्यांना स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही त्यांनाही तो नऊ मार्चचा शनिवार आठवतो. दुपारपासून रस्ते ओस पडले होते आणि सामना संपल्यावर कान किटेपर्यंत फटाके वाजले. शुभदाच्या डोक्यात मात्र त्याच्या पुढचे चार दिवस बसले आहेत. दहा, अकरा, बारा आणि तेरा.

शुभदा मूळची पुण्याची, रसायनशास्त्र शिकलेली. लग्न झालं आणि नंदूबरोबर बंगलोरला आली. नंदू नोकरीला होता तो कारखाना पीण्या नावाच्या भागात, म्हणजे शहराच्या एका टोकाला. तिला नोकरी मिळाली ती पार दुसऱ्या टोकाला, होसकोटेच्या रस्त्यावरच्या वाइनरीत. घर तिच्या सोयीनं के. आर. पुरमला घेतलं. ‘बायको सकाळी कामाला जाते, मी गावाला जातो,’ असं नंदू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

वाइनरी काही फार मोठी नव्हती. वर द्राक्षं उतरवून घ्यायचा ओटा, ती चिरडायचं यंत्र, एका बाजूला ऑफिस आणि शुभदाची प्रयोगशाळा. तिथून अकरा पायऱ्या उतरलं की तळघर. तळघरात सिमेंटच्या बारा टाक्या, सहा-सहाच्या दोन रांगांत. फेब्रुवारी ते एप्रिल देवनहळ्ळी, चिक्कबळ्ळापूरकडून निळ्या द्राक्षांच्या लॉऱ्या येत. ते तीन महिने कुणाला सण नाही की सुट्टी नाही. हवेत सतत आंबूस-गोड वास असायचा, आणि तो घरी गेल्यावरही केसांत राहायचा.

तळघर विठोजीअण्णांचं होतं. मालक कुणी का असेना, तळघर त्यांचंच. छप्पन्न वर्षांचे, सडसडीत, पांढऱ्या मिशा आणि कपाळाला भंडारा. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. हलसूरला स्वतःचं घर होतं. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि टाक्यांशी दोन्ही, असा त्यांचा रिवाज. ते टाकीच्या भिंतीला कान लावून उभे राहत. आत रस उकळ्या फुटल्यासारखा बुडबुडत असला की म्हणत, ‘बोलते आहे.’ साखर संपून रस शांत झाला की म्हणत, ‘गप्प झाली.’ शुभदा मग काचेच्या नळीत नमुना घ्यायची, साखर मोजायची, आणि बहुतेक वेळा अण्णांचंच खरं निघायचं. पहिल्या पहिल्यांदा तिला ह्याचा राग यायचा. नंतर नंतर गंमत वाटायला लागली.

ती कामाला लागली त्याला महिना झाला असेल-नसेल, तेव्हाची गोष्ट. टोपल्या आणि नळ्या धुणारी यल्लव्वा एक दिवस तिच्याकडे आली आणि पदर तोंडाला लावून काहीबाही सांगायला लागली. शुभदाला तेव्हा कन्नड येत नव्हतं. शेवटी खाणाखुणांवरून उलगडा झाला. कावळा शिवला असेल त्या चार दिवसांत बाईनं तळघरात उतरायचं नाही, आणि तळघरातला थेंबही तिच्या हाताला लागता कामा नये. टाकी नासते. लोणच्याची बरणी नासते तशी. अण्णांचा निरोप होता, पण तोंडानं सांगायला त्यांना लाज वाटत होती.

शुभदाच्या पुण्याच्या घरात हे सगळं आजीबरोबरच संपलं होतं. तिला हसू आलं. पण नवी नोकरी, नवा मुलूख, आणि समोर वडिलांच्या वयाचा माणूस, जो तिला पहिल्या दिवसापासून ‘अक्का’ म्हणून आदरानं बोलत होता. चार दिवस खाली नाही गेलं तर काय बिघडतं, असं तिनं मनाशी म्हटलं आणि ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, म्हणून मान डोलावली. बंगलोरला येऊन ती शिकली तो हा पहिला कन्नड शब्द. पुढे तर तिला त्या चार दिवसांची सवयच झाली. त्या दिवसांत पायऱ्यांची चढउतार नको, थंड ओलीत उभं राहणं नको. खरं सांगायचं तर तिला ते बरं वाटायचं, आणि हे तिनं पुढे कित्येक वर्षं स्वतःशीही कबूल केलं नाही.

पहिला हंगाम असाच निभावला, कारण प्रयोगशाळेत विश्वेश्वर नावाचा जोडीदार होता. ती ‘आज माझं जरा...’ म्हणाली की तो काही न विचारता नळी घेऊन खाली जायचा. पण शहाण्णवच्या जानेवारीत विश्वेश्वर मैसूरकडे दुसऱ्या नोकरीवर गेला. त्याच्या जागी माणूस देतो देतो म्हणत मालकांनी हंगाम सुरू केला.

आणि दहा मार्चला, ऐन भरात, शुभदाला अडचण आली.

एकेका टाकीची रोज साखर मोजायची, तापमान मोजायचं आणि रजिस्टरात लिहायचं, हे तिचं काम. टाकी गप्प झाली की रस सालींवरून काढायचा, टाकी तोंडापर्यंत भरायची, नासू नये म्हणून सल्फाइटची पूड घालायची आणि झाकण घट्ट लावायचं. वर मोकळी हवा राहिली की दोन दिवसांत वाइनीचा शिर्का, म्हणजे व्हिनेगर, व्हायला लागतो. पण हे सगळं केमिस्टच्या, म्हणजे आता शुभदाच्या, सहीची चिठ्ठी मिळाल्याशिवाय करायचं नाही, असा नियम मालकांनी दोन वर्षांपूर्वी घातला होता. अण्णांनी तो निमूटपणे पाळला. चिठ्ठीशिवाय त्यांनी कधी झाकणाला हात लावला नाही.

बारा तारखेला सकाळी यल्लव्वा वर आली. अण्णांनी सांगितलंय, पाच नंबर गप्प झाली, चिठ्ठी द्या. शुभदानं विचार केला. न मोजता सही कशी करायची? आणि मोजायला खाली जायचं कसं? ती जिन्याच्या तोंडाशी गेलीही. खाली अण्णा तिच्याकडे पाठ करून पाच नंबरपाशी उभे होते. दोन पायऱ्या उतरली असती तर काय झालं असतं, ह्याचा तिनं नंतर हजारदा विचार केला. त्या दिवशी मात्र ती परत फिरली आणि यल्लव्वाला म्हणाली, दोन दिवस थांबायला सांग.

चौदाला ती खाली गेली. पाच नंबरमध्ये साखर शून्य होती. वासाला किंचित झणका होता, पण मार्चातल्या उकाड्यात तसा येतो कधीकधी. तिनं चिठ्ठी दिली आणि अण्णांनी तासाभरात टाकी भरून झाकण लावलं. मग वर येऊन तिनं रजिस्टर उघडलं. चार दिवसांचे रकाने कोरे होते. कोरे रकाने बघून कुणीतरी विचारणार, मग काय सांगायचं? तिनं अंदाजानं आकडे भरले. अण्णांचा निरोप बाराचा होता, म्हणून बारालाच साखर शून्य दाखवली. आता बाराला शून्य म्हटल्यावर चिठ्ठी चौदाची कशी? तिनं चिठ्ठीच्या स्थळप्रतीवरही बारा घातली, आणि अण्णांकडे गेलेली चिठ्ठी मागवून तिच्यावरही. हिशेब जुळला. कुणाचं वाईट करायचं तिच्या मनातही नव्हतं. शाळेतल्या वहीत समास आखून घेतात, तसं तिनं ते नीटनेटकं केलं आणि विसरूनही गेली.

एप्रिलच्या शेवटी पाच नंबर उघडली तेव्हा वासानंच सगळं सांगितलं. टाकीचा पुरता शिर्का झाला होता. त्याच नळीनं चार आणि सहा नंबरही भरल्या होत्या, त्याही गेल्या. बारांतल्या तीन टाक्या. अण्णा पाच नंबरच्या काठाशी बसून राहिले. जेवायचा डबा त्यांनी त्या दिवशी उघडला नाही.

मे महिन्यात मालकांनी नवा मॅनेजर आणला. पद्माकर सबनीस, पुण्याचाच, चाळिशीचा, हुशार, वाक्यात निम्मं इंग्रजी. माणूस वाईट नव्हता. त्यानं आल्या आल्या जाहीर केलं की जूनच्या पहिल्या आठवड्यात झालेल्या हंगामाचा आढावा घ्यायचा. टाकीमागून टाकी, तारखेमागून तारीख. काय बरोबर झालं, काय चुकलं, कुणाकडून चुकलं, आणि पुढच्या हंगामात ते पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. मग त्यानं सगळी रजिस्टरं आपल्या टेबलावर मागवून घेतली.

आढाव्याच्या दोन दिवस आधी त्यानं शुभदाला बोलावलं. समोर तिचं रजिस्टर, तिची चिठ्ठी आणि अण्णांची तळघराची वही. चिठ्ठी बाराची. टाकी भरली चौदाला. दोन दिवस टाकी उघडी.

“तुमचं काम क्लिअर आहे, मॅडम,” सबनीस म्हणाला. “म्हातारा झोपला. मालकांना मी सांगितलंय, तळघर आता एखाद्या ट्रेन्ड माणसाकडे द्यायचं. मीटिंगमध्ये हे एकदा रेकॉर्डवर आलं की त्यांना मानानं घरी बसवू. तुम्ही फक्त तारखा कन्फर्म करा.”

शुभदा ‘बघते’ एवढंच म्हणाली.

घरी येऊन तिनं नंदूला सगळं सांगितलं. नंदू शर्ट काढता काढता ऐकत होता. त्यांच्या कारखान्यात तपासणीचे तक्ते आठवडाभराचे एकदम भरतात, सोमवारी शुक्रवारचं माप आधीच लिहिलेलं असतं, असं तो म्हणाला. त्यात काय एवढं? तिनं सांगितलं की त्यात एका माणसाची जागा चालली आहे. नंदूनं शर्ट खुंटीला अडकवला. मग म्हणाला, “आणि तू काय सांगणार आहेस त्यांना? का गेली नाहीस खाली?”

“जे आहे ते.”

“मीटिंगमध्ये? सबनीस, तो स्टोअरवाला, सगळे बसलेत आणि तू सांगणार?” त्यानं तिच्याकडे बघितलं. “शुभा, माझ्या आईसमोर तू अजून ते ‘बरं नाही’ म्हणतेस.”

खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तळघरात गेली. हंगाम संपल्यामुळे खाली कुणी नव्हतं. अण्णा एक नंबरच्या झाकणाचं रबर बदलत होते. तिनं त्यांना सगळं सांगितलं: चिठ्ठीवरची तारीख, रजिस्टरातले आकडे, सबनीस काय म्हणाला ते. अण्णांना ते नवीन नव्हतं. चिठ्ठी परत मागवली तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं.

“मग बोलला का नाहीत?” ती म्हणाली.

“काय बोलू, अक्का? चिठ्ठी चौदाला मिळाली म्हटलं की विचारणार, बाराला का नाही. मग काय सांगू?” ते रबर दाबून बसवत राहिले. “बायकांची गोष्ट बायकांत राहू दे. उद्या मी सांगतो, माझ्याकडून राहिलं. संपलं.”

“तुम्हाला घरी बसवतील.”

“बसवू दे. सकवारबाई रोज तेच म्हणती. मी एकटाच ऐकत नव्हतो.” सकवारबाई म्हणजे त्यांची बायको.

शुभदाला रडू येईल असं वाटलं. उद्या मी खरं तेच सांगणार, असं ती म्हणाली. अण्णांनी हातातलं काम ठेवलं. कपड्याला हात पुसले. मग तिच्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले, “एक विचारू, अक्का? राग नाही ना मानायचा?”

“विचारा.”

“त्या दिवसांत तुम्ही खाली आला नव्हता ना? चुकून?”

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखं झालं. म्हणजे तीन महिने हा माणूस तिची अब्रू सांभाळत होता, आणि तीन महिने मनात हेही धरून होता. आली असती तर टाकी तिच्यामुळे नासली. आणि ती आली नाही, म्हणूनच तर नासली.

“नाही आले,” ती म्हणाली. “अण्णा, मी आले नाही म्हणून हे झालं. एक दिवस खाली उतरले असते तर तुमच्या तिन्ही टाक्या आज भरलेल्या असत्या.”

“एकतीस हंगाम झाले, अक्का. एक टाकी गेली नाही.”

“एकतीस हंगामांत एकतरी बाई मोजायला होती का?”

अण्णांनी पुन्हा रबर हातात घेतलं. त्यांना ते पटलं नाही हे तिला दिसत होतं. आणि राग आला नाही, हेही दिसत होतं. तेच जास्त लागलं. रागावले असते तर भांडता आलं असतं.

आढावा सकाळी दहाला सुरू झाला. सबनीस फळ्यापाशी. एका बाजूला स्टोअरचा गिरीराज, जाडजूड, तोंडात सतत बडीशेप. एका बाजूला अण्णा, इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. कोपऱ्यात दिव्यश्री, ऑफिसची टायपिस्ट, मुद्दे उतरवून घ्यायला. एक ते तीन नंबर टाक्यांचं सुरळीत झालं. द्राक्षं दुपारी न आणता पहाटे आणावीत, यंत्राची जाळी दुहेरी ठेवावी, असं काय काय ठरलं. ठरलं ते चांगलंच होतं. मग सबनीसनं फळ्यावर चार, पाच, सहा असे आकडे काढले आणि त्यांभोवती एक गोल काढला.

त्यानं तारखा वाचल्या. मग अण्णांकडे वळून विचारलं की चिठ्ठी बाराला मिळूनही टाकी चौदाला का भरली.

अण्णा उभे राहिले. “माझी चूक झाली, सर. राहून गेलं.”

दिव्यश्रीची पेन्सिल कागदावर खरखरली. सबनीस ‘ठीक आहे’ म्हणून पुढे वळणार, तेवढ्यात शुभदा बसल्या जागेवरून बोलली. उभं राहायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

“चिठ्ठी चौदाला दिली. तारीख मी बदलली. दहा ते तेराचे आकडे मी मोजलेले नाहीत, अंदाजानं भरले आहेत.”

“म्हणजे?” सबनीस म्हणाला. “तुम्ही रजेवर होता?”

“नाही. वर बसले होते. मला पाळी आली होती. त्या दिवसांत बाईनं तळघरात जायचं नाही अशी इथली पद्धत आहे. मला ती पटत नाही, पण मी ती पाळली. अण्णांनी बाराला निरोप पाठवला होता. त्यांचं बरोबर होतं.”

तो शब्द तीन पुरुषांसमोर उच्चारायला तिला आयुष्याची एकतीस वर्षं लागली, असं तिला तेव्हा वाटलं. गिरीराज बडीशेप चघळायचा थांबला. सबनीस फळ्याकडे बघायला लागला, जणू तिथे आणखी काही लिहिलंय. अण्णा अजून उभेच होते. त्यांनी मान खाली घातली. सबनीस म्हणाला की आपण पाच मिनिटं चहा घेऊ.

चहानंतर तो खरंच समंजसपणे वागला. कोरा रकाना कोराच ठेवायचा, भरायचा नाही. साखर मोजायला तळघरातली दोन माणसं शिकवायची. चिठ्ठी नसली तरी टाकी गप्प झाली तर भरायचा अधिकार तळघराला. अण्णांच्या नोकरीचा विषय त्यानं काढला नाही, आणि पुढेही काढणार नव्हता. मुद्दे टाइप होऊन आले तेव्हा शुभदानं वाचलं: केमिस्टची प्रकृती बरी नसल्यामुळे चार दिवसांच्या नोंदी घेता आल्या नाहीत.

ती कागद घेऊन सबनीसकडे गेली. माझी प्रकृती उत्तम होती, असं तिनं सांगितलं.

“मॅडम, हे मुंबईला मालकांकडे जाणार,” सबनीस म्हणाला. “तिथे मी काय लिहू? प्लीज. तुम्हाला पण बरं दिसणार नाही.”

म्हणजे एका खोट्या नोंदीच्या जागी दुसरी खोटी नोंद बसली. ह्या खेपेला तिच्या भल्यासाठी. तिनं सही केली.

पण बंद खोलीतली गोष्ट कागदावर आली नाही म्हणून काय झालं? गिरीराजच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळपर्यंत ओट्यावर, लॉऱ्यांपाशी, फाटकावर सगळीकडे झालं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तो मोठ्यानं म्हणाला, “अण्णा, पुढच्या हंगामात टाक्या पंचांग बघून मगच भरा. बाईमाणसाची तारीख आधी विचारून घ्या.” दहा-बारा माणसं हसली. त्यांत अण्णांच्या हाताखाली वीस वर्षं काम केलेले होते. अण्णांनी ताटातला भात संपवला, ताट धुतलं आणि खाली गेले.

त्यानंतर ते तळघरात काही सांगायचे आणि माणसं ‘हो अण्णा’ म्हणायची, पण त्या ‘हो’मध्ये काहीतरी सैल झालं होतं. नळी इथे ठेवू नका म्हटलं तर कुणीतरी विचारायचं, का अण्णा, हिलाही विटाळ होतो का? ते भंडारा लावून टाकीला हात जोडायचे तेव्हा मागे कुणीतरी खोकायचं. पूर्वी त्या तळघरात कुणी मोठ्यानं शिंकत नसे.

पंधरा दिवस अण्णांनी एकट्यानं पाच नंबर धुतली. गरम पाणी, सोडा, पुन्हा गरम पाणी. भिंती नखानं खरवडून बघितल्या. मग एक दिवस ते वर प्रयोगशाळेत आले. उंबऱ्याशी चपला काढल्या. इतक्या वर्षांत ते आत कधी आले नव्हते. तळघराच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांनी तिच्या टेबलावर ठेवला.

“ह्या सबनीस सरांना द्या.”

“अण्णा, तुम्हाला कुणी जायला सांगितलेलं नाही. मी त्यासाठीच तर बोलले.”

“ठाऊक आहे, अक्का. माझ्यासाठीच बोललात. मी चूक केली म्हणून गेलो असतो ना, तर माणसं म्हणाली असती, म्हातारा झाला, राहून गेलं. बरं गेलो असतो.” त्यांनी जुडगा तिच्याकडे सरकवला. “आता माझं बरोबर होतं म्हणून राहिलोय. पण खाली आता माझं कोण ऐकतं?”

तिला म्हणायचं होतं की माझ्यावर खोटं बोलल्याचा डाग, तुमच्यावर हसणं, दोघांनाही मिळालं काहीतरी. तिला म्हणायचं होतं की ती पद्धत चुकीची होती. तिला क्षमाही मागायची होती. ह्यातलं काय आधी म्हणावं हे ठरेपर्यंत ते चपला घालून ओट्यावरून खाली उतरले होते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा राजीनामा आला. कन्नडमध्ये, दोन ओळींचा.

पुढच्या मार्चात शुभदा रोज खाली गेली. त्या चार दिवसांतही गेली, पायऱ्या मोजत. कुणी हरकत घेतली नाही, घ्यायला कुणी नव्हतंही. बाराच्या बारा टाक्या नीट उतरल्या. तिनं रजिस्टरात सगळे आकडे भरले आणि ते सगळे खरे होते. तरीही तिला आनंद झाला नाही. बारा टाक्यांमधून फिरताना भिंतीला कान लावावा असं वाटायचं, आणि लावला तर काही कळायचं नाही.

विठोजीअण्णांनी नंतर कुठे काम केलं नाही. हलसूरच्या घराच्या ओट्यावर बसत, देवळात जात. दोन हजार तीन साली झोपेतच गेले. शुभदा तेराव्याला गेली होती. सकवारबाईंनी तिला ओळखलं, जेवायला वाढलं, फॅक्टरीचा विषय मात्र काढला नाही. पुढे मुलानं ते घर विकलं आणि सकवारबाई बेळ्ळंदूरला त्याच्या फ्लॅटमध्ये गेल्या. सातव्या मजल्यावर त्यांना करमत नसे. त्या अण्णांच्या मागे नऊ वर्षं जगल्या.

पद्माकर सबनीस तीन वर्षांनी नाशिककडे गेला. तिकडे तेव्हा नव्या वाइनरी निघत होत्या. तो आढावा घ्यायची पद्धत त्यानं तिकडेही चालवली, आणि तिचं नाव झालं असं ऐकिवात आहे. गिरीराजला मधुमेह झाला, पायाचं बोट काढावं लागलं. शेवटच्या वर्षांत तो शुभदाशी फार मऊ बोलायचा. दिव्यश्री टायपिंग सोडून एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली आणि मग अमेरिकेला गेली. तिथून तिनं एकदा नाताळचं कार्ड पाठवलं.

साखर मोजायला जी दोन माणसं शिकवायची ठरली होती, त्यांतली एक यल्लव्वा निघाली. तिला अक्षरओळख नव्हती, पण नळीवरच्या रेघा ती अचूक वाचायची. सात-आठ वर्षं तळघर खरं म्हणजे तिनंच सांभाळलं. पगारपत्रकावर ती शेवटपर्यंत धुणारी बाई राहिली.

नंदूचा कारखाना दोन हजार एक साली बंद पडला. त्यानं पीण्यातच चार यंत्रांचं स्वतःचं वर्कशॉप टाकलं, आणि त्यानंतर निम्म्या रात्री तो तिथेच झोपायचा.

शुभदानं तिथे आणखी अकरा वर्षं काम केलं. दोन हजार आठला मालकांनी जमीन विकली आणि टाक्या फोडल्या. त्यानंतर तिनं एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. प्रयोगाच्या वहीत कुणी अंदाजानं आकडा भरला की ती रागवायची नाही. वही परत द्यायची आणि पुन्हा मोजून आण म्हणायची. आता ती आणि नंदू के. आर. पुरमच्या त्याच घरात असतात. अण्णांकडे त्यांच्या हयातीत एकदा तरी जायला हवं होतं, असं ती म्हणते. दोनदा हलसूरच्या बसमध्ये बसली होती. दोन्ही वेळा देवळाच्या स्टॉपवर उतरून परत आली.